सिदूचा दरा

"या दऱ्याचं नाव काय, बाई?" मोजणीच्या साहेबांनी विचारलं आणि बायडाबाईनं पदर तोंडाला लावला.

सकाळपासून तिनं त्यांना पाटोद्याकडचे डोंगर दाखवले होते. तरसाची घळ, बोरीचा ओढा, सगळी नावं भराभर सांगितली होती. पण हा दरा तिच्या नवऱ्याच्या नावाचा. तरणा असताना सिदू लांडग्यामागं त्यात उतरला, तेव्हापासून लोक 'सिदूचा दरा' म्हणत.

"आमच्या घरच्यायचं हाय," ती म्हणाली.

"घरच्यांचं नाव काय?"

"ते कसं सांगू?"

मेंढपाळ सोसायटीनं या दऱ्यात तलाव मागितला होता. नकाशावर नाव नसेल तर दरा तलावांच्या यादीत जाणार नव्हता. दुष्काळामुळं वाडीतले सगळे गडी मेंढरं घेऊन गंगथडीला, गोदावरीच्या काठाला गेलेले, चेअरमन सिदूसुद्धा. साहेबांनी तिच्या धाकट्या जावेला, चंद्रभागाबाईला बोलावलं.

"अगं बया! भायाचं नाव घेऊ व्हय?" म्हणत ती हसत पळाली; थोरल्या दिराचं नावही घेत नसत. बाकीच्या बायका नात्यानं सिदूच्या सुना. त्या पदर ओढून घरात शिरल्या.

शेवटी साहेबांची मोजणीची पट्टी धरणारा लिंबागणेशचा सटवा म्हणाला, "मावशी, उखाण्यात घ्या की."

"आदी तोंडं तिकडं करा."

सहा सरकारी माणसं दुर्बीण सोडून पाठमोरी झाली. नाव नकाशावर गेलं.

सिदू परतला तेव्हा वाडी हसत होती. तो भडकला. "परक्या गड्यायपुढं उखाणा? कावून?"

"तळं नगं का तुमाला?"

आठ दिवस तो बोलला नाही. उखाणा काय होता, ते विचारायचं राहून गेलं. लग्नातला तर वाजंत्रीत बुडाला होता. तलाव झाला, भरला, आणि त्याच साली बायडाबाई गेली.

मग सिदू सटवाला शोधत लिंबागणेशला गेला.

"काय म्हणली हुती ती?"

"वारं लई हुतं, काका. शेवटी तुमचं नाव तेवढं ऐकलं."

"बरं." सिदू उठला.

"दोनदा घेतलं पण. पहिल्या बारीला साहेबाची पेन्सिल मोडली."

सिदू परत बसला. "दुसऱ्या बारीला चिडली असंल."

"न्हाई. हसल्या."

"तुला बे काय म्हाईत? पाठमोरा हुतास ना?"

सटवानं मान खाली घातली. "मी वळून बघितलं हुतं."

सिदू त्याच्याजवळ सरकला.

"सांग मग," तो म्हणाला. "कशी हसली?"