जास्तीच्या दोन तारा

रविवारी सकाळी अकरा वाजता इंदिरानगरच्या घरातल्या हॉलमध्ये वेदिकाने आपला फोन लॅपटॉपला जोडला, तेव्हा रंगनाथ खुर्चीत जरा ताठ होऊन बसले. समोर सोफ्यावर चांदवडहून आलेला त्यांचा मेहुणा भारत आणि त्याच्या शेतकरी गटातले जुने कांदेवाले सावळीराम बसले होते. वेदिकाने, म्हणजे रंगनाथांच्या मुलीने, नोकरी सांभाळून वर्षभर खपून एक ॲप तयार केलं होतं. कांदा साठवायच्या चाळीत एक डबी बसवायची. आत उष्मा किंवा दमटपणा वाढला की मालकाच्या फोनवर घंटा वाजते. आज हे पसंत पडलं, तर गटाच्या साठ चाळींत डब्या बसणार होत्या. ही गोष्ट रंगनाथांनी जिन्यातल्या प्रत्येक घरी, आणि दोन घरी दोनदा, सांगून ठेवली होती.

लॅपटॉपच्या पडद्यावरच्या फोनच्या चित्रात ॲप पाहून भारतचं समाधान झालं नव्हतं.

"कॉम्प्युटरमधला फोन नको पोरी. हातातला दाखव," तो म्हणाला.

म्हणून तर ॲप फोनमध्ये उतरवायला वेदिकाने तो जोडला होता. फोन निमूटपणे चार्ज होऊ लागला. पडद्यावर मात्र एकच ओळ आली : एकही उपकरण जोडलेलं नाही.

"फोन दिसत नाहीये," वेदिका पुटपुटली.

"हा काय समोर हाय," भारत म्हणाला.

"लॅपटॉपला दिसत नाहीये, मामा."

तिने ऑफिसातल्या मैत्रिणीला, मोहिनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मोहिनीने पहिलाच प्रश्न विचारला, "केबल बघितलीस का? काही केबली नुसत्या चार्जिंगच्या असतात."

रंगनाथ पुढे वाकले. "मोहिनीताई, केबलचा विषय सोडा. परवाच मी स्वतः दुरुस्त केलीय."

सातपूरच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं मेंटेनन्सला काढली होती, आणि त्यांच्या हाताखालून गेलेलं मशीन परत त्यांच्या टेबलावर आलं नव्हतं. निदान ते तसं सांगत. या केबलचा मधला भाग फाटला होता. त्यांनी तो कापून काढला, तारांना सोल्डरचा डाग दिला, वर काळी स्लीव्ह चढवली. काम इतकं सफाईदार झालं की ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, आणि गेले दोन दिवस ते नेमक्या त्याच गोष्टीने अस्वस्थ होते.

"हात फिरवून बघा, सांधा सापडणार नाही," ते म्हणाले.

"काका म्हणतात तर केबल ठीकच असणार," मोहिनी म्हणाली, आणि तिथून सगळं भलत्याच वाटेला लागलं.

वेदिकाने फोनमधले सगळे पर्याय बंद करून पुन्हा चालू केले. मग केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावली. रंगनाथांनी दात घासायच्या जुन्या ब्रशने फोनचं तोंड साफ केलं. फोन बंद करून चालू केला. मग लॅपटॉप बंद करून चालू केला, तर तो आपणहून अपडेट व्हायला बसला. सत्तावीस टक्क्यांवर वेदिकाच्या आईने, सिंधुबाईंनी, पोहे पुन्हा वाढले. साठ टक्क्यांवर चहा झाला.

"व्हॉट्सॲपवर टाकून दे की. आमाला दोनला टेम्पो भरायचाय," भारत म्हणाला.

"मी तपासल्याशिवाय माझं काम कुणाच्या हातात देत नाही, मामा."

रंगनाथांनी अभिमानाने भारतकडे पाहिलं. हे वाक्य त्यांचंच होतं.

अपडेट संपलं. पडद्यावर पुन्हा तीच ओळ आली. घरातल्या बाकीच्या केबली जुन्या फोनच्या, त्यांची तोंडं वेगळी. वेदिकाचा चेहरा उतरला. हातातली केबल उलटसुलट करता करता ती थांबली.

"पप्पा, आत तारा किती होत्या?"

"चार."

"जोडल्या किती?"

रंगनाथांनी चष्मा सावरला. "दोन. लाल आणि काळी. मेन त्याच ना. हिरवी आणि पांढरी केसासारख्या बारीक होत्या. जास्तीच्या वाटल्या."

फोनवर मोहिनीला एकदम खोकला आला.

"पप्पा, लाल-काळीतून नुसता करंट जातो," वेदिका हळूच म्हणाली. "फोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ते त्या जास्तीच्या दोन तारांमधून."

कारखान्यात अशा वेळी आधीच्या शिफ्टचं नाव सांगायची सोय होती. इथे आधीची शिफ्ट नव्हती. रंगनाथ उठून उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दहा मिनिटं द्या."

त्यांनी जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग गन मांडली. वेदिकाने बॅटरीचा उजेड धरला. त्यांनी स्लीव्ह कापून आधी हिरवी तार जोडली, मग पांढरी. सावळीराम चहाचा कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले आणि श्वास रोखून बघत राहिले.

केबल जोडली. पडद्यावर फोनचं नाव आलं, आणि फोनने विचारलं : या संगणकाला परवानगी द्यायची का? वेदिकाने फोन वडिलांपुढे धरला.

"तुम्ही दाबा."

रंगनाथांनी 'हो' दाबलं. ॲप फोनमध्ये उतरलं. वेदिकाने डबी चहाच्या वाफेवर धरली, आणि घंटा अशी खणखणली की सिंधुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"परत वाजव," सावळीराम म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलंच बोलणं. त्यांनी ती तीनदा वाजवून घेतली आणि भारतकडे बघून मान हलवली.

"ठरलं मग," भारत म्हणाला. "पण साठ चाळींत बसवायला येणार कोण?"

"मी येईन," वेदिका म्हणाली. "आणि वायरिंगला पप्पा येतील. माझ्या हाताखाली."

रंगनाथांच्या हाताखाली एके काळी तीस माणसं होती, आणि मेहुण्यासमोर त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पुसला.

"किती वाजता निघायचं, मॅडम?" त्यांनी विचारलं.