एक इंच माया

"मापाच्या बाबतीत मी आजवर चुकलो नाही, आणि चुकणारही नाही!" हे वाक्य मास्तर दिवसातून दोनदा म्हणत. एकदा दुकान उघडताना आणि एकदा बंद करताना.

मास्तर म्हणजे टेलर मास्तर. तीस वर्षं गळ्यात टेप. आंघोळीच्या वेळी ती काढतात, असं मास्तरीणबाई सांगत, पण त्या पडल्या घरच्या, त्या तसंच सांगणार. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत मास्तरांनी त्याची कंबर डोळ्यांनी मोजलेली असे. आणि मास्तरांची खरी ख्याती होती ती मायेसाठी. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस पुढेमागे सुटला, की शिवण उसवायची, माया सोडायची, की कपडा पुन्हा अंगाला येतो. बाकीचे शिंपी अर्धा इंच माया ठेवत, मास्तर दोन इंच ठेवत. "माणूस वाढतो!" असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गावातली निम्मी पोटं ते खरं करून दाखवत होती.

मास्तरांची लेक चिमी नुकतीच नर्स झाली होती. घरोघरी जाऊन आजाऱ्यांची मलमपट्टी करायची, अशी छान नोकरी तिला मिळाली होती. पत्रात एकच अट होती. सोमवारी हजर होताना गाडी चालवण्याचं लायसन्स सोबत आणावं, अन्यथा नेमणूक रद्द समजावी. आणि चिमी लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली होती! पहिल्या वेळी तिने मैदानावरचं पिंप पाडलं. दुसऱ्या वेळी पिंप वाचलं, पण वळताना तिने इंडिकेटरऐवजी वायपर लावला आणि तो कोरड्या काचेवर असा किंचाळला की परीक्षक साहेबांनी हातातला चहा स्वतःच्या शर्टावर ओतून घेतला. तिसरी आणि शेवटची तारीख मिळाली शनिवारची. सकाळी दहा वाजता.

शुक्रवारी दुपारी चिमी जेवून जरा आडवी झाली होती. मास्तरांनी हळूच किल्ली उचलली. गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते हे खरंच, पण मास्तरांच्या मनात त्याहून मोठं काही होतं. लेक पहिल्यांदा कामावर निघणार, आणि गाडी काय झिजलेल्या चपला घालून जाणार? छे! गाडीला नव्या चकचकीत रिमा, नवे टायर, सगळं नवं कोरं! परीक्षाही त्याच थाटात व्हायला हवी.

"या मास्तर," टायरवाला म्हणाला. तो मास्तरांनी शिवलेली पँट घालून उभा होता, आणि त्यामुळे आवाज चढवायची त्याला पहिल्यापासूनच चोरी होती.

मास्तर चाकाशी उकिडवे बसले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी टायरवर छापलेलं वाचलं. "एकशे पासष्ट, ऐंशी, चौदा. कळलं! छाती, कंबर, उंची."

"तसं नाही मास्तर. एकशे पासष्ट ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. चौदा हा आतल्या लोखंडी रिमेचा व्यास, इंचात."

"एकाच कपड्यात मिलिमीटर आणि इंच? कोणत्या गाढवाने शिवलाय हा टायर?"

"आणि ऐंशी म्हणजे ऐंशी टक्के. रिमेच्या वर जो रबराचा भाग दिसतो ना, तो रुंदीच्या ऐंशी टक्के."

मास्तर उठून उभे राहिले. तीस वर्षांत असा अपमान त्यांनी ऐकला नव्हता. "टक्के? उद्या एखादा येऊन म्हणेल, मास्तर, माझी कंबर छातीच्या ऐंशी टक्के धरा!"

टायरवाल्याने दम घेतला. "मास्तर, तुम्हाला मोठी रिम हवी ना? मग पंधराची घ्या. तिच्यावर एकशे पंच्याऐंशी, पासष्टचा टायर बसवू. रिम वाढली की रबर कमी करायचं, म्हणजे चाक बाहेरून होतं तेवढंच राहतं."

"म्हणजे छाती वाढवायची आणि कंबर आवळायची? ऐंशीची पासष्ट? गुदमरेल ती!"

"टायर गुदमरत नाही मास्तर, तो काय श्वास घेतो?"

"मग हवा कशाला भरतोस?"

मास्तरांनी भिंतीवर टांगलेल्या टायरकडे बोट केलं. "तो बघ. एकशे पंच्याण्णव, ऐंशी, पंधरा. ऐंशी कायम राहिले, आणि बाकी सगळीकडे थोडी माया."

"मास्तर, तो जीपचा टायर आहे!"

"असू दे. उद्या उपयोगी पडेल."

"मास्तर, गाडी वाढत नाही!"

"चिमीचा फ्रॉक शिवला तेव्हा तिची आई असंच काहीतरी म्हणाली होती. तीन वर्षं चालला तो फ्रॉक!"

टायरवाल्याने परोपरीने सांगितलं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चाक वरच्या पत्र्याला घासेल म्हणाला, काटा वेग कमी दाखवेल म्हणाला. मास्तर टेपशी चाळा करत उभे राहिले. शेवटी त्याने पावतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "ग्राहकाच्या हट्टावरून," खाली मास्तरांची सही घेतली आणि हताशपणे जॅक लावला.

गाडी घरी आली ती दोन बोटं उंच होऊन. समोरून पाहिली तर भाच्याने मामाचे बूट घातल्यासारखी दिसत होती. पार्किंगच्या छताखालून गेलेल्या नळाला तिचा टप लागला आणि नळ गळायला लागला, पण मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"चिमे! ये बाहेर! बघ तुझ्यासाठी काय आणलंय!"

चिमी आली. तिने पाहिलं. तिचं तोंड उघडं पडलं ते बराच वेळ मिटेना. मास्तरांना वाटलं, आनंदाने.

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "उद्या माझी परीक्षा आहे हो!"

"म्हणून तर!"

चिमी गाडीत बसली. सरळ जाताना गाडी झकास गेली. तिने डावीकडे पूर्ण वळवली आणि घर्रर्रर्र! खालून असा आवाज आला की शेजारचे काका गॅलरीत येऊन विचारू लागले, "कोणाचा मिक्सर बिघडला?" उजवीकडे वळवली. पुन्हा घर्रर्रर्र! चिमीने गाडी परीक्षेच्या मैदानापर्यंत नेऊन परत आणली. घरापासून मैदान म्हणजे नेहमीचे नऊ किलोमीटर. आज मीटरवर भरले आठ.

"पाहिलंस?" मास्तर खुशीत म्हणाले. "रस्ता आखडला! धुतल्यावर कापड आखडतं ना, तसा."

"अहो, रस्ता कोणी धुतला?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

चिमीचे डोळे भरून आले होते. दुकानात फोन केला तर टायरवाला जुने टायर भंगारात देऊन, दुकान बंद करून निघालेला, आणि उद्या दुकान उघडणार अकराला. परीक्षा दहाला. लेकीचं मन मोडलं होतं आणि ते मास्तरांच्याच हातून, हे त्यांना कळत होतं, पण टेप गळ्यात असताना ते तोंडातून येईना. चिमी मात्र थोड्या वेळाने कागद घेऊन बसली आणि आठ, नऊ, भागाकार, गुणाकार असलं काहीतरी करू लागली.

शनिवारी मैदानावर पंधरावीस उमेदवार रांगेत होते. मधोमध दोन पिंपं. दोन्ही पिंपांना वळसा घालून आठचा आकडा काढायचा, पिंपाला धक्का लावायचा नाही आणि वेग वीसच्या वर न्यायचा नाही. मास्तर कुंपणाला टेकून उभे राहिले. त्यांच्या खिशात सुईदोरा होता, कारण तो नेहमीच असे.

चिमीचा नंबर आला. परीक्षक साहेब भरल्या अंगाचे होते. गाडी दोन बोटं उंच झाली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नेहमीच्या अंदाजाने त्यांनी पाय उचलला, तो अडला, मग जोर लावून पुन्हा उचलला, आणि...

चर्रर्रर्र!

"मागची शिवण!" मास्तर वीस पावलांवरून ओरडले. असा आवाज ते झोपेतही ओळखत.

साहेब धप्पकन सीटवर बसले आणि त्यांनी दार लावून घेतलं. चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. मास्तर धावत खिडकीशी आले. "साहेब, पाच मिनिटं द्या. आत्ता शिवून देतो!"

"खबरदार!" साहेब कुजबुजले. "तुम्ही उमेदवाराचे वडील. शिवलंत तर ती लाच होईल!"

"आणि नाही शिवलं तर?"

साहेबांनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. "तर अब्रू जाईल," ते क्षीण आवाजात म्हणाले.

चिमी शांतपणे म्हणाली, "साहेब, आधी परीक्षा घ्या, निकाल लिहा, सही करा. मग बाबा पँट शिवतील. नापास केलंत तरी शिवतील."

साहेबांना हे पटलं. उठायचं तर नव्हतंच त्यांना. त्यांनी घसा साफ करून विचारलं, "वेगमर्यादा चाळीसची असेल, तर काटा किती ठेवाल?"

बाकी सगळ्यांनी याला चाळीस असं उत्तर दिलं होतं. चिमी म्हणाली, "या गाडीत पस्तीस."

"का हो?"

"चाकं जीपची आहेत, मोठी. काटा कमी दाखवतो, गाडी जास्त पळते. ही गाडी बाबांनी शिवलीय."

साहेबांनी चमकून तिच्याकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपलं. "आता आठ काढा."

पिंपाजवळून आठ काढायचा तर स्टेअरिंग पूर्ण वळवायला हवं, आणि पूर्ण वळवलं की घर्रर्र! चिमीने ते वळवलंच नाही. काट्यावर सतरा ठेवून तिने गाडी पिंपांपासून दूर नेली, मग आणखी दूर नेली, आणि कुंपणाच्या कडेकडेने तिचा आठ सुरू झाला. साहेबांचं टेबल आठच्या आत आलं. पाण्याची टाकी आत आली. उमेदवारांची रांग आधी आत होती, मग घाबरून बाहेर पळाली, मग वरचा गोल सुरू झाल्यावर पुन्हा आत सापडली. एक काकू पर्स छातीशी धरून ओरडल्या, "अगं बाई, आमच्यातूनच काढतेय की काय!" दोन्ही पिंपं मात्र जागच्या जागी होती. आठ पुरा झाला. गाडी जिथून निघाली तिथे येऊन थांबली, आणि चिमीने इंडिकेटरही बरोबर लावला होता.

साहेबांनी मान वळवून दोन्ही पिंपांकडे पाहिलं. "हा आठ... फार मोठा आहे."

"साहेब, माया ठेवलीय," चिमी म्हणाली.

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पिंपाला धक्का लागू नये, असं होतं. वेग वीसच्या आत असावा, असं होतं. आठ केवढा असावा, हे कुठल्याच पानावर नव्हतं! त्यांनी पुस्तक मिटलं, अर्ज पुढे ओढला आणि लिहिलं, "चालक पास. गाडी नापास. चाकं ताबडतोब बदलावीत." खाली सही ठोकली.

कुंपणाशी उभ्या मास्तरांना ते चिमीने खिडकीतून ओरडून सांगितलं. मास्तरांनी डोळे पुसले, आणि पुसले ते टेपच्या टोकाने.

मग करार पाळला गेला. साहेब मागच्या सीटवर लाल रंगाचा 'एल' लिहिलेला फलक मांडीवर धरून बसले आणि मास्तर पुढे पँट घेऊन बसले. शिवण उघडताच ते थबकले. "हा टाका माझा आहे!"

"बायकोने तुमच्याकडूनच शिवून आणली होती, चार वर्षांपूर्वी," साहेब फलकामागून म्हणाले.

"बघा! आत दोन इंच माया आहे. ठेवली होती म्हणून आज कामाला आली!" मास्तरांची छाती पुन्हा फुगली आणि सुई झरझर चालू लागली.

तिथून गाडी थेट टायरवाल्याकडे गेली. तो हाताची घडी घालून उभा होता. मास्तर त्याच्यासमोर गेले, त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि त्याच्या हातात दिली. "घे बाबा. तूच घे माप."

"एकशे पंच्याऐंशी, पासष्ट, पंधरा?"

"जे असेल ते."

"गाडी वाढत नाही, पटलं?"

मास्तरांनी चिमीकडे पाहिलं. "पटलं. चुकलो मी," ते म्हणाले, आणि तीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. चिमीने त्यांचा हात धरला. टायरवाल्याने टेप परत दिली, कारण टायर काही तो टेपने मोजत नसे.

सोमवारी चिमी कामावर हजर झाली. लायसन्स पाहून तिला लगेच कामाची गाडी मिळाली. गाडी होती जीप!

मंगळवारी मास्तर दुकानात बसले होते. मापाबद्दलचं ते वाक्य त्यांनी सकाळी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात परीक्षक साहेब पायरी चढून आले. एका हाताने त्यांनी दरवाजा धरला होता आणि दुसऱ्या हाताने पँट. ती कमरेवर धरली नसती तर केव्हाच गुडघ्याशी गेली असती.

"मास्तर," साहेब म्हणाले, "त्या दिवशी माया किती सोडलीत?"

"सगळी," मास्तर पुटपुटले.

"ही पँट माझी आहे की जीपची?"

मास्तरांनी हळूच टेप हातात घेतली, साहेबांच्या पोटाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाले, "साहेब, गाडी वाढत नाही, हे पटलंय मला. पण माणसाचं अजून काही सांगता येत नाही!"