फिडलवाल्या नाण्याचा बंदोबस्त

मी ठेवलेली वस्तू चोराच्या हाती लागायची नाही. सासूबाईंच्या पाटल्या मी अशा जागी ठेवल्यात की आमच्या ह्यांना वाटतं, त्या केव्हाच विकल्या.

म्हणून या दिवाळीत धाकटे दीर राजाभाऊ बोटीवरून सुटीवर आले आणि आमच्या हेमाच्या लग्नासाठी म्हणून त्यांनी एक सोन्याचं नाणं काढलं, तेव्हा बंदोबस्त आपसूक माझ्याकडे आला.

"व्हिएन्नाचं आहे वहिनी, यंदाच निघालंय," भाऊजी म्हणाले. "दरवर्षी एक आणीन. घडणावळ नाही, घट नाही. हेमाचं लग्न ठरेपर्यंत दागिन्यांची सोय होईल."

नाणं पाहिलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. एका बाजूला फिडलं उभी केलेली. दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या काठ्यांसारख्या बासऱ्या. भाऊजी म्हणाले, ती गोऱ्यांची वाजवायची पेटी. ना राजाचं तोंड, ना देवाचं! तोंड नसलेल्या पैशावर विश्वास ठेवायचा कसा? शिवाय ते बंदरातून बाहेर कसं आलं हे आम्ही विचारलं नाही आणि भाऊजींनी सांगितलं नाही. त्यात आमच्या गडग्यापलीकडेच कस्टममधले पालेकर राहतात.

त्या दिवसापासून मला सगळं जग संशयित दिसू लागलं. काशी केर काढताना कोपऱ्यात जास्त वेळ का थांबते? पालेकर रोज आमच्याच जास्वंदीची फुलं का मागतात? त्यांच्या देवाला दुसरं फूल चालत नाही? मी नाणं तांदळाच्या पिंपातून कोकमांच्या बरणीत आणि बरणीतून अंथरुणाच्या वळकटीत हलवत राहिले. शेवटी जागा सापडली. हे आळीतल्या भजन मंडळाचे चिटणीस. स्पर्धेची पितळी पदकं आमच्याच कपाटात, बिस्किटांच्या जुन्या डब्यात असतात. त्यातल्या एका मखमली डबीतलं पदक काढून मी तळाशी टाकलं आणि तिथे नाणं ठेवलं. पितळेत कोण चोर हात घालतो? ह्यांना मुद्दामच सांगितलं नाही. हे सुपारी कातरताना काहीही बोलून जातात.

आता कार्तिकातल्या सोमवारी मला मौन असतं, दिवेलागणीपर्यंत. लिहून सांगणंही माझ्या नेमात बोलण्यातच धरलंय. त्रिपुरी पौर्णिमा नेमकी सोमवारी आली, आणि दुपारी मंडळाचा सदू दारात.

"मामी, पदकांचा डबा न्यायला आलोय."

स्पर्धा त्रिपुरीलाच असते, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण नेमाच्या नादात विसरले. मी डबा पोटाशी धरला.

"अगो सोड," हे म्हणाले. "बिस्किटांचा डबा परत मिळेल तुला. एवढा काय जीव त्यात?"

मी बोटांनी गोल करून दाखवला.

"वडे? आज तुझा उपास ना?"

मी खांद्यावर फिडल वाजवून दाखवलं.

"बाबा, आईचा खांदा धरलाय," हेमा म्हणाली.

"मग बाम लाव," म्हणून ह्यांनी डबा ओढून घेतला.

मी मागोमाग देवळात. डबा टेबलावर, आणि टेबलाशी बक्षिसं द्यायला पाहुणे म्हणून कोण? पालेकर! मी हळूहळू सरकत ह्यांच्या पाठीशी, माइकपाशी जाऊन उभी राहिले. भजनं संपता संपता दिवस मावळायला आला. पहिला नंबर मालगुंडच्या भागोजीबुवांचा आला. पालेकरांनी डबी उघडली.

"वा, यंदा पदक निराळंच. आणि जड आहे हो," ते नाणं तळहातावर झेलत म्हणाले.

ह्यांनी पाहिलं आणि तोंड चुन्यासारखं पांढरं झालं. "पि... पितळ आहे साहेब. भरीव पितळ."

भागोजीबुवांनी हात पुढे केला. तेवढ्यात दीपमाळेवर पहिली पणती लागली आणि माझं मौन सुटलं. मी नेहमीच्याच हलक्या आवाजात म्हणाले, "ते हेमाच्या लग्नाचं आहे." माइक चालू होता. माझं वाक्य चार कर्ण्यांतून पार खाडीपर्यंत गेलं.

"काय हेमाच्या लग्नाचं?" पालेकरांनी विचारलं.

"भजन!" हे म्हणाले. "हेमाच्या लग्नात बुवांचंच भजन ठेवायचं म्हणते ही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण बुवांचं लक्ष नाण्यावर. त्यांनी ते दिव्याशी धरून उलटसुलट केलं.

"ह्या काय? फिडला? टाळ नाय, मुर्दुंग नाय. ह्या दुसऱ्या कोनाचा तरी जुना पदक हाय. चिटणीस, माका फसवू नका."

"चूक झाली बुवा," असं म्हणत ह्यांनी नाणं जवळजवळ हिसकावलं आणि तळाचं पितळी पदक काढून दिलं. त्यावरचे टाळ पाहून बुवा खूश झाले. इतके, की त्यांनी माइक हातात घेऊन जाहीर केलं, "वैशाखी पुनवेला मी मोकला हाय. हेमाताईच्या लग्नाची तारीख तीच धरा."

देवळाच्या पायऱ्या उतरताना पालेकर माझ्यापाशी थांबले. "वहिनी, पितळ आहे खरं, पण कुलपात ठेवा," एवढंच म्हणाले आणि जास्वंद न मागताच गेले.

तेव्हा नाणं शाबूत आहे. हेमाच्या लग्नाची तारीख आळीभर ठरलीय, भजन ठरलंय, काशीने सुटीसुद्धा मागून ठेवलीय. नवरा मुलगा तेवढा मिळायचा राहिलाय. आपल्या पाहण्यात कुणी असेल तर कळवावं. मुलगा निर्व्यसनी असावा, आणि कस्टममधला नसावा.