सबनीसकाकांचं मस्टर

सबनीसकाका कोणाला नमस्कार करत नसत. समोर आलेल्या माणसाला ते वेळ सांगत. "मिस्टर शिर्के, आठ सात," असं म्हणाले की मी समजायचो, आज सगळं ठीक आहे. "आठ सतरा" म्हणाले की मान खाली घालायची आणि ते लाल पेन्सिलीला टोक काढेपर्यंत उभं राहायचं.

वसईत होळीच्या नाक्याजवळ एका शिंप्याचं दुकान होतं. शिंपी दहाशिवाय दुकान उघडत नसे. तोवर त्याचा ओटा आणि त्यावरचं बाकडं रिकामं असायचं. त्याच्या परवानगीनं काका तिथं रोज सकाळी मस्टर उघडून बसत. ते निर्मळहून सायकलनं यायचे. हँडलला कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. आल्यावर ते घड्याळ शटरशेजारच्या खिळ्याला टांगायचं, दोन पावलं मागं होऊन ते सरळ लागलंय का बघायचं आणि मगच हजेरीपुस्तक उघडायचं. मनगटावर घड्याळ होतं, पण ते काका धरत नसत. "हे खाजगी आहे. हजेरी सार्वजनिक घड्याळावर."

सव्वाआठनंतर आलेल्याच्या नावापुढं लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की अर्धी किरकोळ रजा कापली. हे सगळं कोणत्याही कारखान्यात असतं. फरक एवढाच की मस्टरवर सही करणाऱ्या आम्हां सहा जणांना मालक नव्हता. आम्ही कोणाचेच नोकर नव्हतो. सगळे स्वतंत्र सल्लागार होतो.

मी सल्लागार कसा झालो ते सांगतो. माझे वडील मंडणगडला शाळेत शिपाई. ज्या शाळेत ते घंटा द्यायचे त्याच शाळेत मी शिकलो, मग बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वसई पूर्वेला एका गाळ्यातल्या छोट्या कारखान्यात, क्वालिटी विभागात मला नोकरी लागली. दोन वर्षांनी मालकांनी बोलावून अतिशय प्रेमानं सांगितलं, "शिर्के, उद्यापासून तुम्ही आमचे सल्लागार." मी पेढे आणायला निघालो होतो. त्याचा अर्थ पगारपत्रकावरून नाव गेलं, हे मला खालच्या वॉचमननं समजावून सांगितलं.

त्या काळात आयएसओचं वारं सुटलं होतं. जे करता ते लिहा आणि जे लिहिलंय ते करा, एवढंच त्याचं सार. पण ते लिहून द्यायला छोट्या कारखानदारांना माणूस लागायचा. ते काम मी धरलं. अडचण कामाची नव्हती, सकाळची होती. आंघोळ करून, भांग पाडून मी तयार व्हायचो आणि खोलीत बसायचो. कुठं जायचं ते ठरलेलं नसायचं. मी गेलो काय न गेलो काय, कोणाचं काही अडत नव्हतं.

अशात एका गाळ्यात सबनीसकाका भेटले. तेही सल्लागारच होते. मुंबईतल्या एका कापडाच्या कारखान्यात ते गेटवर हजेरी घेणारे टाइमकीपर होते. कारखाना बंद पडला, तेव्हापासून छोट्या गाळ्यांची हजेरीपुस्तकं, रजेची रजिस्टरं लावून देत. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

"सकाळी आठला काय करता?"

"काही नाही."

"मग उद्या होळी नाक्यावर या. आठ."

पूर्वी फौजेची हजेरी लिहिणाऱ्याला सबनीस म्हणत. काकांच्या घराण्यात तीनशे वर्षांत काही बदललं नव्हतं, फक्त फौज लहान झाली होती.

फौजेत भुईगावचा फ्रान्सिस होता. तो बॉयलरचा सल्लागार. नलिनीताई होत्या, त्या मसाले आणि लोणच्याच्या कारखान्यांना माल टिकवायचं तंत्र सांगत. सही झाली की पंधरा मिनिटं बोलणं चाले. कोण कुठं अडलंय, कोणाच्या कारखान्यात दुसऱ्याचं काम निघतंय. नलिनीताईंच्या मसालेवाल्याचा बॉयलर फ्रान्सिसकडे आला आणि त्याच मसालेवाल्याची आयएसओची फाइल माझ्याकडे. मला ड्रॉइंग नीट वाचता येत नव्हतं, ते फ्रान्सिसनं बाकड्यावर खडूनं काढून शिकवलं. नंतर शिंप्यानं त्याच बाकड्यावर पांढरी पँट ठेवली, तो भाग वेगळा.

काकांना या पंधरा मिनिटांत रस नसे. त्यांचा जीव रजेच्या रजिस्टरात. अर्ज आल्याशिवाय रजा नाही आणि कारण पटल्याशिवाय मंजुरी नाही.

"भावाचं लग्न," मी एकदा लिहिलं.

"सख्खा?"

"चुलत."

"अर्धा दिवस."

"काका, लग्न चिपळूणला आहे!"

"मग अर्धा दिवस आणि अर्धा दिवस बिनपगारी. नोंद झाली, विषय संपला." बिनपगारी म्हणताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर असायचा. पगारी असं काही तिथं नव्हतंच.

फ्रान्सिस भांडायचा. त्यांच्या चर्चचा सण आला तेव्हा तो म्हणाला, "अहो, सण माझ्या चर्चचा, आणि सुट्टी तुम्ही देणार? फादर काय म्हणतील?"

"फादरांना विचारा, त्यांच्याकडे मस्टर आहे का. नाही ना? मग अर्ज द्या."

त्यानं अर्ज दिला. पुटपुटत दिला, पण दिला. आम्ही सगळेच देत होतो. का देत होतो, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

मग माझ्या लग्नाचं निघालं. त्याआधी दोन स्थळांनी 'नोकरी नाही' म्हणून नकार कळवला होता. वडील गावात सांगत, पोरगा सल्ला देतो. लोक विचारत, घेतं कोण? तिसरं स्थळ खेडचं होतं. मुलीचं नाव सुनंदा. पाहायला गेलो तेव्हा तिनं विचारलं, तुम्ही काय करता. मी आयएसओ समजावून सांगायला लागलो. ती मध्येच म्हणाली, "म्हणजे माणसं बोलतात तशी वागतात का, ते तुम्ही बघता." मला इतकं बरोबर आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हे स्थळ हातचं जाऊ नये, असं मला फार वाटत होतं.

आठवड्यानं वडिलांचं पत्र आलं. सुनंदाचे वडील महाडिक, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क, मुलाचं ऑफिस स्वतः बघणार होते. सोमवारी सकाळी वसईत येतो म्हणाले होते.

मी पत्र घेऊन ओट्यावर गेलो. नलिनीताई म्हणाल्या, "मी सांगते ना, आमच्या कंपनीत आहे म्हणून. बाईमाणसावर लगेच विश्वास बसतो." फ्रान्सिस म्हणाला, "मी लग्नातला कोट घालून येतो. साहेब वाटेन."

मी काकांकडे वळलो. "काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, हा माझ्या हाताखाली आहे."

"आहात का?"

"तसा नाही, पण..."

"मिस्टर शिर्के, चौतीस वर्षांत खोटी नोंद केली नाही. तोंडी पण नाही." मग फ्रान्सिसकडे बघून म्हणाले, "कोट घालून या. वेळेवर या."

सोमवारी महाडिक आठला दोन मिनिटं कमी असताना आले. पांढरा सदरा, काखेत छत्री. त्यांनी शिंप्याची पाटी वाचली, बाकडं पाहिलं, कोटातला फ्रान्सिस पाहिला. काका म्हणाले, "सात अठ्ठावन्न."

महाडिकांनी खिशातून घड्याळ काढलं. "तुमचं एक मिनिट पुढं आहे."

काकांना असं कोणी कधी बोललं नव्हतं.

"रेडिओवर लावलंय," काका म्हणाले.

"केव्हा?"

"आज सातच्या बातम्यांना."

"मग तुमचं बरोबर. माझं कालचं आहे." आणि त्यांनी उभ्या उभ्या आपलं घड्याळ एक मिनिट पुढं केलं.

मग ते बाकड्यावर बसले आणि मस्टर मांडीवर घेतलं. पानं उलटताना ते वर बघत नव्हते. मी चहा सांगितला होता, तो तसाच राहिला.

"शिर्क्यांचे या महिन्यात हे तीन लाल?"

"एक पंक्चर, एक झोप. तिसऱ्याचं कारण दिलेलं नाही," काका म्हणाले.

तिसऱ्या लाल खुणेच्या दिवशी मी त्यांच्याच मुलीला पाहून खेडहून परतलो होतो, पण ते सांगायची ही जागा नव्हती.

"इथं मालक कोण?"

"मालक नाही."

"पगार?"

"नाही."

माझं संपलं, असं मला वाटलं. नलिनीताई काहीतरी बोलायला पुढं सरकल्या, पण महाडिकांनी हात वर केला. "पगार नाही, मालक नाही. मग सबनीस, हजेरी कशाला घेता?"

आम्ही हा प्रश्न कधी विचारला नव्हता. कदाचित हेडक्लार्कनं विचारला म्हणून काकांनी उत्तर दिलं.

"आमच्याकडे तुकाराम म्हणून फिटर होता. नालासोपाऱ्याला एकटा राहायचा. बावीस वर्षं सात पंचावन्नला गेटवर. कारखाना बंद झाला, त्यानंतर वर्षभरात तो खोलीत वारला. शेजाऱ्यांना पाचव्या दिवशी कळलं." काकांनी पुस्तकाची कड सरळ केली. "कारखाना चालू असता तर पहिल्याच दिवशी साडेआठला मी विचारलं असतं, तुकाराम कुठाय."

नाक्यावर भाजीच्या टोपल्या उतरत होत्या. फ्रान्सिसनं कोटाचं बटण काढलं.

महाडिक पुन्हा मस्टरात बघू लागले. बोट एकेका नावावरून खाली नेत ते सहाव्या नावाशी थांबले. "तुमचं नाव कुठाय?"

"टाइमकीपरचं नाव टाइम ऑफिसच्या मस्टरवर असतं."

"ते कुठं आहे?"

"बंद झालं."

"घरी कोण असतं?"

काका घड्याळाकडे बघत राहिले, पण वेळ काही त्यांनी सांगितली नाही.

"पेन द्या," महाडिक म्हणाले.

"तसं लिहिता येत नाही. आदेश लागतो."

"मला शिकवता? कागद द्या." आणि महाडिकांनी बाकड्यावर बसून सुवाच्य अक्षरात आदेश काढला. विषय: मस्टरवर नाव दाखल करणेबाबत. काकांनी तो दोनदा वाचला. 'करणेबाबत'नंतर पूर्णविराम कमी आहे म्हणाले. महाडिकांनी दिला. मग सातव्या ओळीत मोरेश्वर गणेश सबनीस हे नाव चढलं आणि काकांनी त्यापुढं सही केली. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाची सही रकान्याबाहेर गेली.

माझ्या लग्नाचं कोणी काही बोललंच नाही. शेवटी मी महाडिकांना स्टेशनवर सोडायला रिक्षात बसलो, तेव्हा ते म्हणाले, "वैशाखातली तारीख धरू. रजेचा अर्ज आजच टाका. हा माणूस आयत्या वेळी मंजूर करायचा नाही."

रजा चार दिवसांची मागितली, तीन मिळाली.

लग्नानंतर, पावसाळा सरता सरता, एका सकाळी आम्ही ओट्यावर जमलो आणि खिळ्याला घड्याळ नव्हतं. सव्वाआठ झाले असावेत. खरं किती वाजले हे सांगायला कोणी नव्हतं. तेवढ्यात निर्मळहून फुलं घेऊन येणाऱ्या मंजुळाबाईंनी टोपलीतल्या झेंडूखालून एक घडी केलेला कागद काढला. "सबनीसबाबांनी दिलंय. मस्टरवाल्यांना द्या म्हणाले."

कागदावर नेहमीचं अक्षर होतं, जरा वेडंवाकडं. विषय: एक दिवसाची आजारपणाची रजा मिळणेबाबत. काल दुपारपासून ताप असल्याने कामावर हजर राहू शकत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती. खात्री करून घेण्यासाठी कोणास पाठवल्यास हरकत नाही. आपला नम्र, अनुक्रमांक सात.

इतकी वर्षं रोज भेटत होतो, पण आमच्यातल्या कोणीही त्यांचं घर पाहिलेलं नव्हतं. ते त्यांनाही माहीत असावं. कारण सहीच्या खाली आणखी दोन ओळी होत्या.

घर देवळामागे, डावीकडून तिसरे. दार नुसते लोटले आहे, कडी लावलेली नाही.

नलिनीताई फ्रान्सिसच्या स्कूटरवर बसल्या, बाकीच्यांनी सायकली काढल्या. त्या तारखेच्या रकान्यात आमच्या कोणाचीच सही नाही.