टेंडरमधलं कनेक्शन

मुजीबभाईंचं टेंडरमध्ये कनेक्शन आहे, अशी बातमी पुंडलिकनगरात पसरली आणि एक कंत्राटदार पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात हजर झाला. मुजीबभाईंनी त्याला प्रेमानं बसवलं आणि तासभर समजावून सांगितलं की, वाफेच्या इंजिनामागं कोळशाचा जो डबा असतो त्याला टेंडर म्हणतात. छोट्या, हौसेच्या गाड्यांमध्ये हा डबा रुळांतून वीज उचलतो आणि बारीक वायरींनी इंजिनाला देतो. तिथलं कनेक्शन सुटलं की गाडी ठप्प. कंत्राटदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना पेढे परत नेले.

मुजीबभाई भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, आमच्याच गल्लीतले. या छोट्या गाड्यांचा नाद शहरात आम्हा मोजक्या लोकांना आहे, आणि सगळ्यांची अडलेली इंजिनं त्यांच्याकडं जातात. मला या माणसाचा मनापासून हेवा वाटतो. उगाच आडपडदा कशाला ठेवू?

त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे मियाँ आणि टेंडर म्हणजे बीवी. "बोलचाल बंद हाय दोघांची," असं निदान करायचं आणि वर म्हणायचं, "पहिले चाय, मग इलाज." मग टेंडरच्या पोटात चिमटा घालून काहीतरी करतात, आणि माझ्याकडं ढिम्म न हललेलं इंजिन त्यांच्या टेबलावर सुसाट सुटतं. सोबत आलेली आमची ही टाळ्या वाजवते. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या घरात तिनं टाळी वाजवली ती फक्त डास मारायला.

बरं, दुरुस्ती टिकावी ना! माझं इंजिन महिना भरायच्या आत पुन्हा अडायचं. आमच्यातलेच हौशी, पडेगावचे पाटील, त्यांचंही इंजिन मुजीबभाईंनीच दुरुस्त केलेलं; ते मात्र कधीचं सुरळीत चालू. मी रडतखडत पुन्हा मुजीबभाईंच्या दारी. "काय साहेब, रुसली का बीवी परत?" हे विचारताना त्यांचा चेहरा इतका फुलायचा की माझा तिळपापड व्हायचा.

शेवटी औरंगपुऱ्यातून सोल्डरिंगचं सामान आणलं. म्हटलं, यांची मक्तेदारी मोडायचीच. टेंडर उघडून पाहतो तर वायरींची टोकं नुसती एकमेकींना पिळलेली आणि वर चिकटपट्टी! सोल्डरचा टिपूस नाही. मला झालेला आनंद काय सांगू! पुरावा पक्का करावा म्हणून स्कूटर काढून थेट पडेगाव गाठलं आणि पाटलांना त्यांचं टेंडर उघडायला लावलं. आत चकचकीत, सुबक सोल्डर. पाटलांना पक्कं काम आणि मला चिकटपट्टी? रोज रामराम मी घालायचा आणि लाड त्यांचे?

तसाच मुजीबभाईंकडं गेलो आणि टेंडर त्यांच्यापुढं आपटलं. "पाटलांचं पक्कं, माझं कच्चं. का?"

भाभी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात, मुलगी हैदराबादला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पाटलांचं पक्कं केलं," ते म्हणाले, "एकदम मस्त चालतंय. तवापासून ते इकडं फिरकले नाय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमचंबी पक्कं करणार होतो साहेब. पण तुम्ही येता, बसता, लई झकास भांडता. पक्कं केलं असतं तर आला असता का?"

मी इतके दिवस या माणसावर जळत होतो आणि हा माणूस माझी वाट बघत बसत होता.

त्यांनी माफी मागून तिथल्या तिथं सोल्डर करून दिलं. तेव्हापासून इंजिन एकदाही अडलेलं नाही. काल मी ते पिशवीत घालून त्यांच्याकडं नेलं आणि म्हणालो, "मुजीबभाई, परत बिघडलं बघा."

त्यांनी ते रुळावर ठेवलं. इंजिन झोकात एक फेरी मारून आलं. आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो.

"लई अवघड केस दिसते," मुजीबभाई म्हणाले. "वेळ लागंल."