गुडघ्याला दहापैकी किती?

आकड्यांच्या बाबतीत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी एकदा भर चहात आमच्या मोठ्या डॉक्टरांना सांगून बसले. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख. आमच्याकडे वयस्कर माणसांच्या गुडघ्यांवर दोन अभ्यास झाले होते. एक हाडांच्या डॉक्टरांचा, गोळ्या घेणाऱ्यांचा. दुसरा व्यायामताईंचा, खुर्चीत बसून व्यायाम करणाऱ्यांचा. दोन्हींची माहिती आपापल्या संगणकात भांडलेल्या जावांसारखी तोंड फिरवून बसलेली. ती एकत्र केली तर गोळ्या बऱ्या की व्यायाम, याचं उत्तर नवा अभ्यास न करताच मिळेल, ही कल्पना मोठ्या डॉक्टरांची. आणि "त्यात काय, संध्याकाळपर्यंत सोयरीक जुळवते," ही फुशारकी माझी.

दोन्हीकडे एक रकाना होता, 'गुडघा, दहापैकी'. नाव जुळलं, मी बाकी काही न बघता लग्न लावून टाकलं. गोळ्यावाल्यांचे आकडे निघाले तीन-चार, व्यायामवाल्यांचे आठ-नऊ. म्हणजे व्यायामाने दुखणं वाढून लोकांचे गुडघे पार कामातून जात होते!

मोठे डॉक्टर हादरले आणि त्यांनी व्यायामाचा वर्ग तडकाफडकी बंद केला. व्यायामताई वाद घालणाऱ्यातल्या नव्हत्या. खुर्च्या एकावर एक रचता रचता त्यांनी मला एवढंच विचारलं, "इतकं दुखत होतं, तर मला कुणी सांगितलं कसं नाही?" मी त्यांना मनाला लावून घेऊ नका म्हटलं. शहाणीच मी.

त्या वर्गात माझ्या सासूबाईही जायच्या. मी त्यांना मोठ्या संकटातून वाचवलं, हे घरी येऊन मीच त्यांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी परत खुंटीला अडकवली. तो वर्ग म्हणजे त्यांचं घराबाहेरचं एकमेव जग होतं. तिथे मैत्रिणी होत्या, गप्पा होत्या, सुनांची गाऱ्हाणीही असणार. आता त्या दिवसभर खिडकीत बसायला लागल्या. नवऱ्याने काही विचारलं की म्हणायच्या, "उठू की नको, ते तुझ्या बायकोला विचार."

पुढे पुढे त्या भिंत धरून चालायला लागल्या, तेव्हा मला राहवेना. मी जवळ बसून विचारलं, "आई, गुडघ्याला दहापैकी किती?"

"चार. वर्गाला जात होते तेव्हा नऊ असायचे."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे दुखणं निम्म्यावर आलं की."

"डोंबल तुझं निम्म्यावर," सासूबाई म्हणाल्या. "नऊ म्हणजे झकास. गुडघा किती साथ देतो, असं विचारायच्या त्या ताई. आता देत नाही, म्हणून चार."

मी पदराने घाम पुसला. पदर त्यांचा होता.

दुसऱ्या दिवशी दोन्ही अभ्यासांच्या मूळ प्रश्नावल्या काढल्या. हाडांचे डॉक्टर विचारत होते, किती दुखतं. व्यायामताई विचारत होत्या, किती साथ देतो. एकाचा दहा म्हणजे दुसऱ्याचा शून्य, आणि मी दोघांना एका पंगतीत बसवलं होतं. मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन सगळं कबूल केलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "आधी ताईंना सांग. अहवाल नंतर."

सांगितलं. व्यायामताई रडल्या, मग हसल्या, मग खुर्च्या मांडायला लागल्या. मीही मांडल्या. वर्ग पुन्हा सुरू झाला त्या दिवशी सासूबाईंनी मात्र मला दाराबाहेरच थांबायला सांगितलं. आत मैत्रिणींना बरंच काही सांगायचं होतं म्हणे.

मग मोठ्या डॉक्टरांनी फर्मान काढलं. यापुढे प्रत्येक अभ्यासात एकच प्रश्न, एकच मोजपट्टी, आणि प्रत्येक रकान्यासोबत त्याचा अर्थ. हाडांचे डॉक्टर म्हणाले, दुखणं विचारायलाच हवं. ताई म्हणाल्या, सारखं दुखणं विचारून माणूस खचतो. शेवटी दोन्ही विचारायचं ठरलं, वेगवेगळ्या रकान्यांत. प्रत्येक शब्दाचा अर्थ सगळ्यांना एकच कळायला हवा, यावर आमचं अगदी एकमत झालं, आणि मसुद्यावर सह्या करायला पुढच्या शनिवारी भेटायचं ठरवून आम्ही उठलो.

चारच दिवसांनी, शनिवारी, मी आणि व्यायामताई कुलूप लावलेल्या दारासमोर बराच वेळ उभ्या होतो. शेवटी हाडांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अहो, आज कसं?" ते म्हणाले. "हा तर येता शनिवार झाला. पुढचा अजून यायचाय."