मोजणीदारांच्या झिनियांचा चोर

झिनियाच्या फुलांचं बी निवडायला काकांना तीन आठवडे लागले. सारी नोकरी सरकारी मोजणीदार म्हणून जमिनी मोजण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मोजायला उरलं फक्त घर. पहिल्या महिन्यात त्यांनी फरशा मोजल्या, दुसऱ्यात खिडक्यांचे गज. पुढे ते नुसतेच भिंतीकडे बघत बसायला लागले, तेव्हा मात्र काकू घाबरल्या.

अशात काकांच्या थोरल्या बहिणीचा, ताईंचा फोन आला. "साडेतीन महिन्यांनी येतेय रे. तुझ्या अंगणात काही हिरवं दिसेल, की आपलं नेहमीचं वाळवंट? तुझ्या हातून गवतसुद्धा कधी जगलं नाही!"

काका ताडकन उठले ते थेट बियांच्या दुकानात. बुटकी झिनिया, पट्ट्यांची झिनिया, डाळिंबी, पांढरी. दुकानदार त्यांना लांबून बघूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागायचा. शेवटी कमरेएवढ्या वाढणाऱ्या, सगळ्या रंगांच्या झिनियांचं पाकीट घरी आलं. तेव्हापासून काका जेवताना बोलायला लागले, आंघोळीत गुणगुणायला लागले. काकूंनी देवासमोर हात जोडले, "एवढं टिकू दे रे बाबा."

पेरणी दोरी लावून झाली. सहा ओळी, ओळीत सहा बिया. रिकामं पाकीट काकांनी वहीत चिकटवलं, चित्राची बाजू वर.

"अहो, मागच्या बाजूला काहीतरी लिहिलंय," काकू म्हणाल्या.

"अगं, चित्र बघ, चित्र! असं फूल यायला हवं."

चिकटवण्याआधी काकूंनी मागची बाजू वाचली होती. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात आणि भरपूर फुलं येतात. रोपं वीतभर झाली, तेव्हा काकांनी हौसेने सगळ्यांची उंची वहीत लिहिली. खुडायचं नावही काढलं नाही. काकूंनी मनाशी नेम धरला. पहाटेची प्रार्थना झाली की रोज चार शेंडे, डावीकडून ओळीने. एकदम छत्तीस खुडायला त्यांचाही जीव धजत नव्हता.

पहिल्याच दिवशी काका अंगणातून आले ते पांढरेफटक पडून.

"चौघांचा खून झालाय!"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं.

"ज्याने हे केलं ना, त्याचं तोंडसुद्धा मला बघायचं नाही!"

काकूंनी तोंड मिटलं. पस्तीस वर्षं समोरासमोर चहा प्यायलेली माणसं; उद्यापासून काय, पाठीला पाठ लावून प्यायचा?

दुसऱ्या दिवशी आणखी चार गेले, तिसऱ्या दिवशी आणखी चार. काकांनी नकाशा काढला. "चोर डावीकडून येतो. एक रोप सोडत नाही, पाचव्याला हात लावत नाही. माझ्या हाताखाली इतका शिस्तीचा माणूस एक नव्हता! तू कुणाला बघितलंस का?"

"देवाशपथ, मी अंगणात दुसऱ्या कुणाला बघितलं नाही," काकू म्हणाल्या. खोटं न बोलण्याचाही त्यांचा नेम होता.

शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी राहायचे; संशय त्यांच्या सशावर गेला. काका नकाशा घेऊनच कुंपणाशी गेले.

"काका, माझा ससा चार खाऊन थांबेल होय?" घड्याळजी भिंगाआडून म्हणाले. "तो आत आला असता तर तुमची दोरीसुद्धा उरली नसती."

"मग कोंडा त्याला, म्हणजे कळेलच!"

घड्याळजींनी बिचाऱ्याला कोंडलं. सकाळी चार शेंडे गायब. "निर्दोष सुटला हो!" घड्याळजी कुंपणावरून ओरडले, आणि दोन दिवस त्यांनी काकांना वेळसुद्धा सांगितली नाही.

काकांनी मग वाफ्याभोवती कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणून तिला रिकामे डबे बांधले. काकू पदर खोचून डब्यांखालून वाकून जायच्या आणि तशाच परतायच्या. कंबर धरली, पण नेम चुकला नाही. नवव्या दिवशी छत्तीस पुरे झाले. दहाव्या दिवशी एकही शेंडा गेला नाही.

"बघितलंस? डब्यांना घाबरला!" काका छाती काढून म्हणाले.

ताई आल्या तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका रोपाला दहा-बारा फुलं. केशरी, जांभळी, गुलाबी, बशीएवढी पसरलेली. ताई फाटकातच थबकल्या. काका हाताची घडी घालून त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ताई वाकल्या, एक फांदी बाजूला केली, आणि खोडाशी बोट नेऊन म्हणाल्या,

"शेंडे कुणी खुडले?"

"अगं, तो एक चोर—"

"मी," काकू म्हणाल्या.

काकांनी हाताची घडी सोडली. एकदा काकूंकडे बघितलं, एकदा फुलांकडे. "तू? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही म्हणालात, तोंड बघायचं नाही. मला तर बघायचं होतं तुमचं."

काका काही बोलणार, तोच ताई मटकन पायरीवर बसल्या. "माझ्या झिनियांना अजून एकेकच फूल येतं. दरवर्षी कात्री घेऊन जाते आणि रडून परत येते. आपल्या घराण्यात हे धाडस कुणाला नाही रे! ही बाहेरून आली म्हणून तुझी बाग फुलली."

त्या दिवशी काकांनी तीनदा चहा मागितला, आणि तिन्ही वेळा काकूंच्या समोर बसून प्यायला.

पुढच्या पाकिटाची मागची बाजू त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. "या खेपेला मी खुडणार. माहिती असल्यावर भीती कसली?" रोपं वीतभर झाल्यावर ते कात्री घेऊन वाफ्याशी बसले. बराच वेळ बसले. मग कात्री काकूंच्या हातात देऊन कुंपणाकडे तोंड करून उभे राहिले आणि डोळे गच्च मिटले.

"झाले का गं चार?"

"अहो, अजून पहिल्याला हातही लावला नाही."

"मग आधी सांगायचं ना! उगाच कळवळलो."